वाटणी कोणी करायची? राजकारणातून न्यायासनावर गेलेल्या डेक्लन कॉस्टेलो यांची गोष्ट

लिमरिक हे आयर्लंडच्या पश्चिम भागातले, शॅनन नदीच्या काठावरचे शहर. १९८०च्या दशकात या शहरात ट्रॅव्हलर समाजाची काही कुटुंबे चाकांवरच्या घरांत राहत होती. पिढ्यान्‌पिढ्या भटके जीवन जगणारा आणि इतर आयरिश समाजाकडून अंतरावर ठेवला गेलेला असा हा समाज. ही कुटुंबे ज्या जागेवर राहत होती ती अधिकृत नव्हती आणि तेथे पाण्याची वा शौचालयाची सोय नव्हती. त्यांनी न्यायालयात दावा लावला. माणसाला माणसासारखे जगता येईल एवढ्या किमान भौतिक सोयी मिळणे हा राज्यघटनेत अनुस्यूत असलेला हक्क आहे, तो आम्हाला नाकारला गेला, म्हणून आम्हाला नुकसानभरपाई मिळावी, अशी त्यांची मागणी होती.

हा दावा डब्लिनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डेक्लन कॉस्टेलो यांच्यापुढे आला. दावेदारांना याहून अनुकूल न्यायाधीश मिळाला नसता, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. कारण हेच कॉस्टेलो १९६०च्या दशकात आमदार असताना ‘न्याय्य समाज’ या नावाचा कार्यक्रम घेऊन स्वतःच्याच पक्षाशी झगडले होते आणि संपत्तीची न्याय्य वाटणी हा त्या कार्यक्रमाचा गाभा होता. त्यांनी ही मागणी फेटाळली. या कुटुंबांची हलाखी त्यांनी नाकारली नाही. ती दूर करण्याचे काम न्यायालयाचे नाही, असे त्यांनी सांगितले. कॉस्टेलो यांची सारी कारकीर्द समजून घ्यायची तर ‘कोणता निर्णय कोणी घ्यायचा’ हा एकच प्रश्न हाताशी ठेवावा लागतो, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

डेक्लन कॉस्टेलो यांचा जन्म १ ऑगस्ट १९२६ रोजी डब्लिनमध्ये झाला. राजकारण आणि वकिली ही दोन्ही घरातच होती. वडील जॉन ए. कॉस्टेलो हे त्याच वर्षी देशाचे ॲटर्नी जनरल झाले, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार. पुढे १९४८ ते १९५१ आणि १९५४ ते १९५७ असे दोनदा ते तीशॉख झाले. आयर्लंडच्या पंतप्रधानांना तीशॉख म्हणतात. ब्रिटिश राजमुकुटाशी उरलेला शेवटचा घटनात्मक धागा तोडून आयर्लंड १९४९ मध्ये प्रजासत्ताक झाला, तो त्यांच्याच सरकारच्या कायद्याने.

आयरिश पक्षांविषयी येथे थोडे सांगायला हवे, कारण उजवे आणि डावे या आपल्या परिचित मोजपट्टीने ते मोजता येत नाहीत. १९२१ साली ब्रिटनशी झालेल्या तहावरून स्वातंत्र्यवाद्यांत फूट पडली आणि १९२२-२३ मध्ये यादवी युद्ध झाले. तह मान्य करणाऱ्यांच्या परंपरेतून फिन गेल हा पक्ष उभा राहिला आणि तह अमान्य करणाऱ्यांतून एमन डी व्हॅलेरा यांचा फियाना फॉल. पुढची कित्येक दशके माणूस कोणत्या पक्षाचा हे त्याच्या आर्थिक मतांवरून कमी आणि त्याच्या वडिलांनी त्या युद्धात कोणती बाजू घेतली यावरून अधिक ठरत असे. कॉस्टेलो घराणे फिन गेलचे होते. त्या पक्षाचा मतदार प्रामुख्याने मोठे शेतकरी, व्यापारी आणि व्यावसायिक यांतला होता.

डेक्लन यांनी डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये वकिलीची सनद मिळवली. १९५१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते वायव्य डब्लिन मतदारसंघातून डॉल एरन या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. घराण्याच्या नावाचा त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यांच्या मतदारसंघात गरीब वस्त्या होत्या, आणि तेथे जे दिसत होते त्याचे उत्तर स्वतःच्या पक्षाकडे नाही ही अस्वस्थता त्यांच्यात वाढत गेली. याच काळात, १९५५ मध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी डब्लिनमध्ये ‘सेंट मायकल्स हाउस’ ही संस्था उभी केली. त्या कामात कॉस्टेलो आरंभापासून होते आणि ते नाते त्यांनी पुढे दीर्घकाळ जपले.

१९५०चे दशक आयर्लंडसाठी फार वाईट गेले. रोजगार नव्हता, तरुण माणसे बोटीने इंग्लंडला जात होती आणि गावे ओस पडत होती. १९६०च्या सुमाराला अर्थव्यवस्था सावरू लागली, तेव्हा वाढणाऱ्या उत्पन्नाचे करायचे काय, हा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला. १९६४ मध्ये कॉस्टेलो यांनी पक्षापुढे आठ कलमी प्रस्ताव ठेवला. सरकारने अर्थव्यवस्थेचे खरेखुरे नियोजन करावे, व्यापारी बँका कर्ज कोणाला आणि कशासाठी देतात यावर शासनाचे नियंत्रण असावे, करांचा भार वस्तूंवरील अप्रत्यक्ष करांऐवजी प्रत्यक्ष करांवर अधिक असावा, आणि सामाजिक सेवांवर भरीव खर्च व्हावा, असे त्याचे स्वरूप होते. हे फिन गेलसारख्या सनातनी पक्षाला झेपणारे नव्हते. ज्येष्ठ नेत्यांपैकी अनेकांना हा डावेपणा वाटला. तरुण कार्यकर्त्यांना मात्र पक्षात राहण्याचे कारण मिळाले.

बऱ्याच ओढाताणीनंतर पक्षाने त्यातला मोठा भाग स्वीकारला आणि एप्रिल १९६५ च्या निवडणुकीच्या तोंडावर ‘न्याय्य समाजाकडे’ अशा अर्थाच्या नावाने जाहीरनामा निघाला. तो इतका उशिरा निघाला की मतदारांपर्यंत पोचायला वेळच नव्हता, आणि ज्यांनी तो लोकांपुढे मांडायचा त्या नेत्यांचाच त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. १४४ जागांच्या सभागृहात फियाना फॉलला ७२ आणि फिन गेलला ४७ जागा मिळाल्या. कार्यक्रम कागदावर राहिला. आपल्या हयातीत हा पक्ष बदलणार नाही असे कॉस्टेलो यांना वाटू लागले असावे. १९६९ च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. मात्र त्या कागदाने ओढून आणलेली पिढी, विशेषतः पुढे तीशॉख झालेले गॅरेट फिट्झजेराल्ड, पक्षात टिकली आणि १९७०-८०च्या दशकांत तिनेच पक्षाचा चेहरा बदलला.

१९७३ मध्ये फिन गेल आणि मजूर पक्ष यांचे संयुक्त सरकार आले. कॉस्टेलो पुन्हा निवडणूक लढवून सभागृहात आले आणि ॲटर्नी जनरल झाले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत टिकाऊ कामगिरी या चार वर्षांतली आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. तोवर आयर्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांत खटला चालवायचा की नाही हे ॲटर्नी जनरल ठरवत असे. म्हणजे सरकारने नेमलेला, सरकारला सल्ला देणारा आणि सरकारबरोबर जाणारा माणूसच कोणावर आरोप ठेवायचा हेही ठरवत होता. या व्यवस्थेत त्याने कितीही सचोटीने काम केले तरी संशयाला जागा उरतेच. कॉस्टेलो यांनी १९७४ च्या कायद्याने हा अधिकार स्वतःच्या पदाकडून काढून घेऊन सरकारी अभियोग संचालक या स्वतंत्र पदाकडे सोपवला. सत्तेवर आलेल्या माणसाने स्वतःचाच अधिकार कायद्याने कमी करून घेतल्याची उदाहरणे कोणत्याही देशात फार नसतात. पाठोपाठ १९७५ मध्ये जुने कायदे तपासून सुधारणा सुचवणारा कायमस्वरूपी विधी आयोगही स्थापन झाला.

याच पदावरून त्यांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आयर्लंडची बाजू सांभाळली. प्रकरण शेजाऱ्याविरुद्धचे होते. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडात ब्रिटिश सरकारने विनाचौकशी स्थानबद्धता सुरू केली आणि काही निवडक कैद्यांवर चौकशीच्या वेळी पाच प्रकार वापरले: भिंतीला टेकवून तासन्‌तास उभे करणे, डोक्यावर काळी पिशवी चढवणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोपू न देणे आणि अन्नपाणी तोडणे. आयर्लंडने ब्रिटनविरुद्ध तक्रार दाखल केली; एका राष्ट्राने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीवर या न्यायालयाने दिलेला तो पहिलाच निकाल ठरला. १९७६ मध्ये मानवी हक्क आयोगाने याला छळ म्हटले. जानेवारी १९७८ मध्ये न्यायालयाने मात्र ही वागणूक ‘अमानुष आणि मानहानीकारक’ असली तरी ‘छळ’ या शब्दाइतकी तीव्र नाही असा निकाल दिला. दोन शब्दांमधला हा फरक पुढे जगभरच्या सरकारी वकिलांनी वापरला. ते प्रकार पुन्हा कधीही वापरणार नाही अशी हमी ब्रिटनने सुनावणीदरम्यानच दिली होती, एवढे आयर्लंडच्या पदरी पडले. निकाल आला तेव्हा कॉस्टेलो त्या पदावर नव्हते, कारण मे १९७७ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते.

पक्षाचा माणूस थेट न्यायासनावर बसतो हे मराठी वाचकाला खटकेल. आयर्लंडमध्ये त्या काळी ते नित्याचे होते. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या नावाने होई, पण नाव मंत्रिमंडळ ठरवी, आणि सत्तेवरच्या पक्षाच्या जवळचे वकील वर जात. कॉस्टेलो यांच्याच पक्षाचे टॉम ओ’हिगिन्स हे मंत्री होते, १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक डी व्हॅलेरांविरुद्ध एका टक्क्याच्या आतल्या फरकाने हरले होते, आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्याकडेही केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री असलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयात पोचले होतेच. मात्र कृष्ण अय्यर यांनी आपले सामाजिक विचार निकालपत्रांत उघडपणे आणले. कॉस्टेलो यांनी नेमके उलटे केले.

न्यायाधीश म्हणून त्यांच्याकडे आलेले पहिले मोठे काम निकालाचे नसून चौकशीचे होते. ८ जानेवारी १९७९ च्या पहाटे कॉर्क परगण्यातील बॅन्ट्री उपसागरात, व्हिडी बेटाजवळच्या तेलधक्क्यावर ‘बेतेलज्यूज’ हे फ्रेंच तेलवाहू जहाज पेटून फुटले. पन्नास माणसे मेली. त्यांत बहुसंख्य फ्रेंच खलाशी होते. चौकशी न्यायाधिकरणाचे प्रमुख कॉस्टेलो होते. जहाजाच्या खराब अवस्थेबद्दल त्यांच्या अहवालाने मालकांना दोष दिला, आणि अनर्थ सुरू झाला तेव्हा धक्क्याच्या नियंत्रण कक्षात ज्याने असायला हवे होते तो कर्मचारी तेथे नव्हता असाही निष्कर्ष काढला. मोठ्या कंपन्यांच्या साक्षीपुराव्यांपुढे न दबणारा हा अहवाल होता.

आता लिमरिकच्या खटल्याकडे वळू. कॉस्टेलो यांनी आपल्या निकालाला ॲरिस्टॉटलचा आधार घेतला. न्याय दोन प्रकारचा असतो. एक देवघेवीचा: तुम्ही माझे नुकसान केले, तर ते भरून द्या, करार मोडला, तर भरपाई द्या. येथे दोन पक्ष समोर असतात, आणि कोणाचे काय चुकले हे साक्षीपुराव्यांवरून ठरवता येते. दुसरा वाटणीचा: समाजाच्या सामाईक संपत्तीतून कोणाला किती मिळावे. लिमरिकच्या कुटुंबांना पाणी आणि निवारा द्यायचा तर तो पैसा दुसऱ्या कशातून तरी काढावा लागेल, कदाचित रुग्णालयातून, कदाचित शाळेतून, आणि ते दुसरे लोक न्यायालयापुढे उभेच नसतात. म्हणून पहिला न्याय न्यायालयांचा आणि दुसरा संसदेचा व सरकारचा, असे त्यांनी मांडले. न्याय्य वाटणी हवीच. पण ती निवडून आलेल्यांनी करावी, आणि केली नाही तर मतदारांनी त्यांना जाब विचारावा.

या निकालावर टीका करणे सोपे आहे, आणि टीकेत तथ्यही आहे. ज्या समाजाची मते थोडी आणि ज्याच्याविषयी शेजाऱ्यांच्या मनात आकस, त्याने मतपेटीतून न्याय मिळवावा हे सांगणे म्हणजे तहानलेल्याला पावसाची वाट पाहायला सांगणे. कॉस्टेलो यांना हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. मतपेटीतून न्याय्य वाटणी आणण्याचा प्रयत्न करून हरलेला माणूस हे लिहीत होता. त्यांची ही भूमिका पुढे काहीशी सैल झाल्याचेही अभ्यासक सांगतात.

भारतीय वाचकाला या प्रश्नाची एक बाजू ओळखीची वाटेल, आणि तो योगायोग नाही. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदात सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असे तेथे म्हटले आहे आणि त्यांची दखल कोणत्याही न्यायालयाने घेऊ नये असेही म्हटले आहे. आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे याच नमुन्यावरून आली. मूळ एकच, पण वाटा फुटल्या. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे म्हटले. रीतसर सूचना देऊन लोकांना हटवण्याचा महापालिकेचा अधिकार त्या निकालानेही कायम ठेवला, ही गोष्ट मात्र आपण सोयीने विसरतो.

कॉस्टेलो यांचे नाव सामान्य आयरिश माणसाच्या लक्षात राहिले ते वेगळ्याच कारणाने. १९८३ मध्ये सार्वमताने आयरिश घटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि गर्भाच्या जगण्याच्या हक्काला आईच्या जगण्याच्या हक्काइतकेच स्थान मिळाले. या दोन हक्कांत संघर्ष आला तर काय करायचे, हे सांगणारा कायदा संसदेने केलाच नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो संघर्ष समोर उभा ठाकला. चौदा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला होता आणि ती गरोदर होती. आईवडील तिला गर्भपातासाठी इंग्लंडला घेऊन गेले. आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून गर्भाच्या ऊतींचा उपयोग होईल का, असे त्यांनी प्रामाणिकपणे पोलिसांना विचारले होते. त्या चौकशीतूनच प्रकरण ॲटर्नी जनरलपर्यंत गेले आणि त्यांनी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागितला. ते कळल्यावर कुटुंब गर्भपात न करताच परतले. मुलीचे नाव गुप्त ठेवण्यासाठी खटला ‘एक्स’ या अक्षराने ओळखला जातो.

मुलगी आत्महत्येच्या विचारात होती, याचा पुरावा न्यायालयापुढे होता. १७ फेब्रुवारीला कॉस्टेलो यांनी निकाल दिला: मुलगी स्वतःचा जीव घेईल ही शक्यता आहे, पण मनाई केली नाही तर गर्भाचा जीव जाणार हे निश्चित आहे, या दोन धोक्यांची तुलना होऊ शकत नाही. नऊ महिने तिने देश सोडू नये असा हुकूम निघाला. देशभर मोर्चे निघाले. थोड्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि ५ मार्चला चार विरुद्ध एक मतांनी कारणे दिली: आईच्या जिवाला खरा आणि ठोस धोका असेल, आणि त्यात आत्महत्येचा धोकाही धरायचा, तर गर्भपात घटनेला मान्य आहे. त्याच निकालात न्यायमूर्ती नीएल मकार्थी यांनी संसदेला धारेवर धरले. आठ-नऊ वर्षे कायदा न करणे अक्षम्य आहे, असे त्यांनी लिहिले.

लिमरिकचा निकाल आणि हा निकाल वाचताना एकच हात दिसतो. दोन्हींत कॉस्टेलो मजकुराला धरून राहतात आणि समोरच्या माणसाची व्यथा मजकुरापेक्षा वरचढ होऊ देत नाहीत. पण हे पूर्ण स्पष्टीकरण नाही. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. वॉटरफर्डजवळच्या न्यू रॉस गावी जोगिणींच्या शाळेतल्या एका अविवाहित शिक्षिकेला, विवाहित पुरुषासोबत राहते आणि त्याच्यापासून मूल झाले म्हणून, कामावरून काढले होते; १९८५ मध्ये ते काढणे वैध ठरवणारे न्यायमूर्तीही तेच होते. घटनेचा मजकूर जिथे दोन्ही बाजूंना वाव देत होता तिथे त्यांचा कल कुठे झुकतो हे दिसते. गरिबांच्या बाजूचा आणि कुटुंब-नीतीच्या बाबतीत जुन्या वळणाचा असा माणूस त्या पिढीच्या कॅथलिक सुधारकांत अपवाद नव्हता. आपण ‘पुरोगामी’ हा शब्द एकाच पेटीत बसवायला जातो म्हणून तो कोड्यासारखा वाटतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र ते १९९४ च्या हीनी खटल्यामुळे माहीत असतात. सरकार एखाद्या हक्कावर बंधन घालते तेव्हा ते बंधन योग्य की अयोग्य हे कसे तपासायचे, याची कसोटी त्यांनी कॅनडाच्या न्यायालयांकडून घेऊन आयरिश कायद्यात रुजवली. उद्दिष्ट पुरेसे महत्त्वाचे हवे, उपाय त्या उद्दिष्टाशी तर्काने जोडलेला हवा, हक्काला कमीत कमी धक्का लागायला हवा, आणि होणारी हानी उद्दिष्टाच्या प्रमाणात हवी. गंमत अशी की, पोलिसांपुढे गप्प राहण्याच्या हक्काबद्दलच्या त्या खटल्यात त्यांनी ही कसोटी लावून सरकारचाच कायदा उचलून धरला. २००० साली स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने त्याच प्रकरणात आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. कसोटी मात्र टिकली आणि आजही वापरात आहे.

१९९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे प्रमुख झाले, १९९८ मध्ये निवृत्त झाले आणि जून २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. एक्स प्रकरणात मागितलेला कायदा तोवरही झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा गॉलवेच्या रुग्णालयात मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे त्यांची गर्भपाताची विनंती नाकारली गेली होती. त्यानंतर २०१३ मध्ये संसदेने कायदा केला आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी आठवी दुरुस्तीच घटनेतून निघाली.

लिमरिकचा निकाल मात्र निघाला नाही. विशेष देखभालीची गरज असलेल्या मुलांसाठी सरकारने ठरलेल्या मुदतीत निवासस्थाने बांधावीत असा हुकूम उच्च न्यायालयाने काढला होता. डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द केला. तसे करताना त्यांनी आधार घेतला तो कॉस्टेलो यांनी लिमरिकच्या खटल्यात केलेल्या देवघेवीच्या आणि वाटणीच्या न्यायाच्या विभागणीचा.